तारीख नसलेली आठवण : बॉयलर हाऊसमधल्या एका अपघातानंतरचा उपचार

ओळख पटू नये म्हणून वय, हुद्दा आणि कारखान्याचे काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि माझ्या, म्हणजे मानसोपचार करणाऱ्याच्या, चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. ज्यांचं हे प्रकरण आहे त्या गृहस्थांनी मजकूर वाचला, संमती दिली आणि एक दुरुस्तीही केली. मी एका ठिकाणी ‘स्फोट’ लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून ‘गळती’ केलं.

पार्श्वभूमी

गृहस्थ पंचेचाळिशीचे. बॉयलर हाऊसमध्ये २२ वर्षं काम केलेले, त्यातली शेवटची ९ वर्षं शिफ्ट इनचार्ज. एका रात्रपाळीत मुख्य स्टीम लाइनच्या एका फ्लँजचं (पाइपच्या जोडाचं) गॅस्केट, म्हणजे वाफ अडवणारी चकती, उडालं. त्याआधी काही मिनिटं यांनीच हेल्परला त्या बाजूच्या गेजचं रीडिंग घ्यायला पाठवलं होतं. वाफेच्या पहिल्याच झोताने तो मुलगा भाजला आणि तिसऱ्या दिवशी गेला. यांच्या उजव्या तळहाताला भाजलं, तेही तापलेलं हँडव्हील फिरवून व्हॉल्व्ह बंद करताना.

अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापनाने त्या पाळीतल्या सगळ्यांना एका खोलीत बसवलं. बाहेरून आलेल्या कुणीतरी प्रत्येकाला रात्रीचा सगळा प्रसंग सांगायला लावला. हेतू चांगला होता, पण बहुतेक मार्गदर्शक सूचना आज असं एकदाच उरकलेलं सत्र घेऊ नका असंच सांगतात. भाजलेल्या रुग्णांवरच्या १९९७ सालच्या एका चाचणीत १३ महिन्यांनी पाहिलं, तर असं सत्र मिळालेल्यांची अवस्था न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. (त्या गटातल्या लोकांचं भाजणं मुळातच जास्त गंभीर होतं, हेही सांगायला हवं, सगळा दोष सत्रावर टाकता येत नाही.) पहिल्या दिवसांत माणसाला सुरक्षितता, झोप, जवळची माणसं आणि खरी माहिती लागते. बोलायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

यांनी त्या खोलीत सगळं सांगितलं. पुढे चौकशीत आणखी तीनदा सांगितलं. महिन्याभराने झोप येत नाही म्हणून कुणीतरी बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या लिहून दिल्या, त्या चालूच राहिल्या. माझ्याकडे आले तेव्हा अपघाताला ७ महिने झाले होते, आणि आले तेही पत्नीने आणलं म्हणून.

अडचण काय होती

पहिल्या भेटीत बहुतेक पत्नीच बोलल्या. रात्री पंखा आणि रेडिओ दोन्ही चालू लागतात. मुलीने केसांवर स्प्रे मारला तर अंगावर धावून जातात. बसचं दार उघडताना ‘फुस्स’ होतं म्हणून बसमध्ये बसत नाहीत, ४० मिनिटं चालत जातात. कामावर जायचं थांबलं होतं.

ते स्वतः एकच वाक्य बोलले, ते मी तेव्हाच लिहून ठेवलं. “तुम्हाला तो प्रसंग किती वेळा आठवतो?” असं मी विचारलं होतं. म्हणाले, “आठवत नाही हो. होतं ते. परत होतं.”

लक्षणं मोजण्यासाठी २० प्रश्नांची पीसीएल-५ ही प्रश्नावली वापरतात. तिचे गुण ० ते ८०. साधारण ३१ ते ३३ च्या वर गेलं की आघातोत्तर ताणविकाराची (पीटीएसडीची) शंका धरून नीट तपासणी करायची. यांचे ५४ आले. सविस्तर मुलाखतीत निदान पक्कं झालं. हा विकार वर्गीकरणात १९८० साली या नावाने आला आणि २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेने त्याला चिंताविकारांच्या घरातून काढून वेगळं प्रकरण दिलं. मला तो बदल पटतो, कारण यात भीती असतेच, पण तिच्या जोडीला अपराधीपणा, राग आणि बधिरपणाही असतो. यांच्यात अपराधीपणा सगळ्यांत मोठा होता. “मी पाच-सात मिनिटं पुतळ्यासारखा उभा होतो,” ते म्हणत. “आधी हललो असतो तर पोरगा वाचला असता.”

मेंदूत काय चाललं होतं

दुसऱ्या भेटीत त्यांनीच विचारलं, “मेंदूचा स्कॅन काढू या का? नेमकं काय बिघडलंय ते दिसेल.” सगळं आयुष्य गेज वाचण्यात गेलेल्या माणसाने हेच विचारावं, हे साहजिक होतं. पण एका माणसाच्या एमआरआयवरून हे निदान होत नाही. संशोधनात जे फरक दिसतात ते गटांच्या सरासरीत दिसतात. हे ऐकून ते जरा नाराज झाले, म्हणून मी कागदावर त्यांच्याच भाषेत आकृती काढली.

कानातून आलेला आवाज थॅलॅमस या चौकीपर्यंत येतो. तिथून एक आखूड वाट थेट अमिग्डलाकडे जाते. अमिग्डला म्हणजे बदामाच्या आकाराचा भाग, धोक्याचा अलार्म. दुसरी वाट लांबची, ती मेंदूच्या बाह्यकातून फिरून येते आणि आवाज नेमका कशाचा आहे ते सांगते. ‘फुस्स’ ऐकल्यावर अंग आक्रसतं ते आखूड वाटेने. बसचं दार आहे हे कळतं ते लांबच्या वाटेने, मागाहून. निरोगी अवस्थेत कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग ‘काही नाही, बस आहे’ म्हणून अलार्म खाली आणतो. या विकारात अलार्म चढा आणि खाली आणणारा हात हलका, असं चित्र अनेक अभ्यासांत दिसतं.

तिसरा भाग हिप्पोकॅम्पस. घटना कुठे घडली, कधी घडली, आधी काय आणि नंतर काय, ही वीण तो घालतो. टोकाच्या भीतीत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या ताणाच्या रसायनाचा पूर येतो. अमिग्डलाची नोंद ठसठशीत होते आणि हिप्पोकॅम्पसची नोंद विस्कळीत, असं मानलं जातं. मग आवाज, वास, तळहाताची आग हे सगळं राहतं, पण त्यावर तारीख नसते. तारीख नसलेली गोष्ट मेंदूला ‘आत्ताची’च वाटते. “होतं ते, परत होतं,” या वाक्याचा मला लागलेला अर्थ हा.

आठवणीचे हे दोन कप्पे वेगळे असतात, हे १९११ सालच्या एका प्रयोगातून फार सुंदर कळतं. क्लापारेद या स्विस डॉक्टरांची एक रुग्ण नवीन काही लक्षात ठेवू शकत नसे. त्यांनी एकदा हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. थोड्या वेळाने तिला टोचल्याचं काही आठवेना, पण तिने हात पुढे करायला नकार दिला. यांना हा किस्सा एमआरआयपेक्षा जास्त पटला. “माझा हात पण असाच आहे,” म्हणाले आणि तळहात पुढे केला.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, इथे सांगतो. ‘आघाताने हिप्पोकॅम्पस आक्रसतो’ हे वाक्य सर्रास फेकलं जातं. २००२ साली एकसारख्या जुळ्या भावांवर झालेल्या अभ्यासात, युद्धावर जाऊन हा विकार जडलेल्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होताच, पण युद्धावर कधीच न गेलेल्या त्यांच्या भावांचाही लहान होता. म्हणजे निदान काही जणांत तो आधीपासूनचा कच्चा दुवा असू शकतो. रुग्णाला ‘तुमचा मेंदू झिजलाय’ म्हणून घाबरवण्याइतका पुरावा आपल्याकडे नाही.

समोरचे पर्याय

थांबून वाट पाहणं हा खरा पर्याय असतो. आघात सोसलेल्या बहुतेक लोकांची लक्षणं पहिल्या काही महिन्यांत आपोआप ओसरतात. पण इथे ७ महिने उलटले होते आणि टाळाटाळ वाढत चालली होती.

औषधं : सर्ट्रालिन किंवा पॅरॉक्सेटिन, ही नैराश्यावरही देतात ती औषधं. त्यांचा उपयोग होतो, मात्र आघातावर थेट काम करणाऱ्या मानसोपचाराला बहुतेक मार्गदर्शक सूचना पहिली पसंती देतात. झोपेच्या गोळ्यांबद्दल मात्र मला शंका नव्हती. त्या मूळ विकारावर काम करत नाहीत, सवय लावतात आणि उपचारातून मेंदूने जे नवं शिकायचं त्याच्या आड येऊ शकतात. सोबतच्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्या एकदम न तोडता काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी केल्या, कारण एकदम थांबवणं धोक्याचं असतं. सर्ट्रालिन सुरू करायचं का, हे त्यांनी गृहस्थांवर सोडलं. ते नको म्हणाले.

उरले दोन. डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी, फ्रान्सिन शपिरो यांनी १९८९ मध्ये मांडलेली ईएमडीआर पद्धत. आणि एडना फोआ यांची दीर्घ एक्स्पोजर पद्धत, म्हणजे आठवण पुनःपुन्हा सांगणं आणि टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने जाणं. दोन्हींच्या मागे भक्कम पुरावा आहे. मी दोन्ही समजावून सांगितल्या. “डोळे हलवून काय होणार?” असं ते म्हणाले. डोळ्यांची हालचाल नेमकी किती आवश्यक आहे यावर अभ्यासकांतही वाद आहे, पण पद्धतीने गुण येतो, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी एक्स्पोजर निवडलं. ९० मिनिटांची एक बैठक, आठवड्याला एक.

काय केलं, आणि कुठे अडलो

आधी यादी केली. शून्य ते शंभर अशी अस्वस्थतेची पट्टी धरून स्प्रेचा डबा २०, बसचं दार ३५, टायरमध्ये हवा भरायचं मशीन ४५, वाफेचा ध्वनिमुद्रित आवाज ७०, बॉयलर हाऊसचं गेट ८५, आणि त्याच फ्लँजजवळ उभं राहणं १००. स्प्रेपासून सुरुवात झाली, आणि ती बरी चालली.

आठवण सांगण्याचं काम मात्र तीन बैठका हललंच नाही. डोळे मिटून ते सगळा प्रसंग न अडखळता सांगत. मी विचारलं की आकडा सांगत, “चाळीस.” सुरुवातीला चाळीस, शेवटीही चाळीस. तिसऱ्या बैठकीची ध्वनिफीत घरी ऐकताना माझ्या लक्षात आलं. ते म्हणत होते, “बर्नर बंद करण्यात आला. त्यानंतर व्हॉल्व्ह बंद करण्यात आला. हेल्परला बाहेर काढण्यात आलं.” पूर्ण कथनात ‘मी’ दोनदाच. हा चौकशीतला जबाब होता. चार वेळा देऊन घोटून गुळगुळीत झालेला, आणि त्यात ते स्वतः नव्हतेच.

पुढच्या वेळी मी एकच नियम घातला : ‘करण्यात आला’ चालणार नाही. आत्ता घडतंय असं, आणि मी, माझा, मला. “मी टेबलाशी बसलोय. पेन...” इथे ते थांबले. “पेन चालत नाहीये. म्हणून मी त्याला म्हणतो, तू जाऊन रीडिंग बघून ये, मी तोवर पेन शोधतो.” जबाबात पेन कधीच आलं नव्हतं. आकडा ९५ ला गेला. बैठक संपायला दोन तास लागले.

सांगणं आणि सांगणं यात एवढा फरक असतो. भीती जागी झाली नाही तर तिच्यात दुरुस्ती होत नाही. फोआ आणि कोझाक यांनी १९८६ सालीच हे मांडलं आहे. पण भीती जागी होऊन माणूस तिच्यात बुडाला तरी उपयोग नाही. एक पाय माझ्या खोलीत आणि एक बॉयलर हाऊसमध्ये, असं ठेवावं लागतं. जुनी नोंद या प्रक्रियेत पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी नोंद तयार होते : आठवलं, तरी काही झालं नाही.

कानाची गोष्ट

पाचव्या बैठकीनंतर दिवस सुधारले, रात्री तशाच राहिल्या. पंखा, रेडिओ, दोन्ही चालू. मी याला टाळाटाळ समजत होतो आणि शांत खोलीत दहा मिनिटं बसायचा गृहपाठही दिला. तो त्यांनी एकदा करून सोडून दिला. मी जरा जोर लावल्यावर चिडून म्हणाले, “शांत कुठे असतं? ते चालूच असतं ना.”

“काय चालू असतं?”

“वाफ.”

मला वाटलं, हा आठवणीचाच भाग. मग विचारलं, कुठल्या कानात? “डाव्यात जास्त.” आठवणीला डावा-उजवा कान नसतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. श्रवणचाचणीत ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा होता, मोठ्या आवाजाने कानाला इजा झाल्यावर नेहमी दिसतो तसा. वर्षानुवर्षांचा गोंगाट आणि त्या रात्रीचा झोत, दोन्हींचा तो हिशेब असावा. कर्णनाद, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात ऐकू येणारा आवाज. म्हणजे ज्या आवाजाने अलार्म वाजायचा, तो आवाज या माणसाच्या डोक्यात चोवीस तास होता, आणि मी त्याला शांत खोलीत बसवत होतो.

इथे पद्धत बदलली. एलर्स आणि क्लार्क या मानसशास्त्रज्ञांच्या उपचारात ‘तेव्हा आणि आत्ता’ असा फरक ओळखायचा सराव असतो, तो घेतला. कानातली वाफ आणि त्या रात्रीची वाफ यात फरक काय, याची यादी त्यांनी स्वतः केली. ती वाफ अंगाला लागत होती, ही लागत नाही. त्या वाफेला तापलेल्या लॅगिंगचा (पाइपवरच्या उष्णतारोधक वेष्टनाचा) ओला वास होता, हिला वास नाही. ती पाइपच्या दिशेने येत होती, ही मान वळवली तरी माझ्याबरोबर वळते. शेवटचा मुद्दा मला कधीच सुचला नसता. रात्री पंखा ठेवायला परवानगी दिली, रेडिओ हळूहळू गेला.

लॉगशीट

अपराधीपणाशी वाद घालून उपयोग नव्हता. “तुमची चूक नव्हती” हे त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. चौकशी अहवालात पॅनलच्या नोंदींची प्रत होती आणि तिच्यावर त्यांची सही होती, पण वेळेचा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता. ती प्रत बैठकीत आणायची का, यावर मी आठवडाभर विचार केला. आकडा त्यांच्या विरोधात निघाला तर? एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी बोललो. त्या म्हणाल्या, “खरं काय ते बघायची तुमची तयारी नसेल, तर त्यांची कशी होईल?” मी गृहस्थांना धोका सांगितला आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. त्यांनी प्रत आणली.

लाइनचा दाब कोसळल्याची वेळ एका ओळीत. बर्नर ट्रिपची (बंद पडल्याची) वेळ, म्हणजे त्यांनी आपत्कालीन बटण दाबल्याची, पुढच्या ओळीत. त्यांनी बोट ठेवून वजाबाकी केली. १९ सेकंद. पुन्हा केली. मग खिशातून पेन काढून कागदावर केली.

“पाच मिनिटं होती,” ते म्हणाले.

भीतीत वेळ ताणला गेल्यासारखा वाटतो, हे मी सांगणार होतो, पण सांगितलं नाही. बराच वेळ ते त्या दोन ओळींकडे बघत बसले. जाताना म्हणाले, “पण पाठवलं मीच होतं.” ते खरंच होतं. त्याला मी हात लावला नाही. पाठवणं हे कारणांच्या साखळीतली एक कडी होती. गॅस्केट उडणार हे माहीत असून पाठवणं ही चूक ठरली असती. हा फरक पुढच्या दोन बैठकांत त्यांनी हळूहळू, स्वतःच्या शब्दांत केला. उरलं ते दुःख होतं, आणि त्या दुःखावर मी एक्स्पोजर केलं नाही.

१२ व्या बैठकीला आम्ही बॉयलर हाऊसमध्ये गेलो. फ्लँजजवळ आकडा ९० होता, पाऊण तासाने ४५ झाला. तो आणखी उतरेल असं मला वाटलं होतं, उतरला नाही. ते तिथे रडले, आणि नंतर नवं गॅस्केट नीट बसलंय का ते वाकून पाहिलं.

निकाल

एकूण १४ बैठका. शेवटी पीसीएल-५ चे गुण २१, सहा महिन्यांनी १७. कामावर परतले, पण रात्रपाळी आणि इनचार्जपद सोडून. आता नवीन अटेंडंटना शिकवतात. कर्णनाद तसाच आहे. अपघाताच्या वर्षपूर्तीच्या सुमारास सलग तीन रात्री झोप नीट झाली नाही आणि बसच्या दाराच्या आवाजाने पुन्हा दचकले. असं होऊ शकतं हे आधीच सांगून ठेवलं होतं. जुनी नोंद पुसलेली नसते, त्यामुळे थकव्यात, नव्या जागी ती डोकं वर काढते. एक बैठक पुरली.

प्रसंग आता ते ‘त्या रात्री’ अशी सुरुवात करून सांगतात.

वेगळं काय करता आलं असतं

कानाबद्दल पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. प्रचंड आवाजाचा अपघात, रात्रभर पंखा आणि रेडिओ. सगळं समोर होतं. मी मानसशास्त्राचा चष्मा लावून बसलो होतो, त्यामुळे शरीर दिसलं नाही. यात पाच-सहा आठवडे गेले आणि चुकीच्या गृहपाठाने त्यांचा विश्वास थोडा खर्ची पडला.

दारूचा प्रश्नही मी चौथ्या बैठकीला विचारला. गोळ्यांच्या जोडीला रात्री दोन पेग चालू होते. दोन्ही मिळून श्वसन मंदावू शकतं. हे नशिबावर सोडायची गोष्ट नव्हती. पत्नी खोलीत असल्याने विचारायला संकोच वाटला, हे माझं कारण. त्यांना दहा मिनिटं बाहेर बसायला सांगणं एवढंच करायचं होतं.

जबाबाची भाषाही मी पहिल्या बैठकीतच ऐकायला हवी होती. आकडा हलत नव्हता तेव्हा मी आकडाच विचारत राहिलो.

एका बाबतीत अजून माझं मत ठरत नाही. हेल्परच्या घरी जाऊन यावं असं त्यांच्या मनात सातव्या बैठकीपासून होतं. त्या घरच्यांचा राग असेल तर इतकं कमावलेलं ढासळेल, या भीतीने मी ‘उपचार संपल्यावर बघू’ म्हणत राहिलो. माझी सावधगिरी रास्त होती, की मीही टाळाटाळच करत होतो? उपचार संपल्यावर ते स्वतःच जाऊन आले, मला नंतर कळलं. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बसने गेलो होतो, एवढं म्हणाले.